गणपतीपुरता नळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की आपल्या दैनिकात सणाच्या सवलतींच्या आणि ‘शून्य टक्के व्याजा’च्या जाहिराती सुरू होतात. मालवणच्या बाजारपेठेत सासऱ्यांनी काढलेले हार्डवेअरचे दुकान मी चालवते. याच दिवसांत आमच्याकडेही गर्दी असते, म्हणून हे लिहावेसे वाटले.

“वयनी, स्वस्तातलो दाखवा, गणपतीपुरतो होयो,” असे म्हणत लोक नळ घेतात. मुंबईहून माणसे यायची, न्हाणीघर नीटनेटके दिसावे, ही इच्छा रास्तच आहे. पण गणपतीपुरता म्हणून बसवलेला नळ पुढे वर्षानुवर्षे तिथेच राहतो आणि आपल्याकडची खारी हवा त्याला सोडत नाही. हलक्या मिश्रधातूवर चढवलेला मुलामा फुगतो, सोलतो, मग आटे जातात आणि अख्खा नळ बदलावा लागतो. पितळी नळ हातात घेतल्याबरोबर जड लागतो. तो गळू लागला तर बहुतेक वेळा वायसर बदलून भागते, आणि वायसर काही रुपयांत मिळतो.

स्टीलचेही तसेच. ‘स्टेनलेस’ म्हटले की गंज नाही, अशी समजूत आहे. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. निकेल महाग, म्हणून २०२ प्रतीत ते कमी करून मँगनीज वाढवतात. पहिल्या दिवशी दोन्ही सारखीच चकाकतात. समुद्राकाठी मात्र २०२च्या कड्याकोयंड्यांवर तांबूस ठिपके लवकर उठतात. काही गिऱ्हाइके पारख म्हणून लोहचुंबक घेऊन येतात, पण तो सहसा दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. प्रत विचारावी आणि बिलावर लिहून घ्यावी. बोटवाल्यांना हे सांगावे लागत नाही. ते ३१६ मागतात, कारण त्यातले दोन-तीन टक्के मोलिब्डेनम खाऱ्या पाण्याला तोंड देते. घराच्या खिडकीला ३१६ची गरज नाही, ३०४ पुरे. दर दोन-चार महिन्यांनी गोड्या पाण्याने पुसून घ्यावे. आणि पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू कधीही मारू नका. दमट खाऱ्या हवेत पितळेशेजारचे लोखंड आधी सडते आणि चांगली बिजागरी दारापासून सुटते.

आमच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या फणसाच्या दारांना सासूबाईंच्या वेळच्या पितळी कड्या आहेत. पावसाळा सरला की त्या थोडे पितळी स्क्रू, एखादा वायसर, तेलाची बाटली नेतात. नवे काही दाखवले तर “आहे ते चांगलं चाललंय,” म्हणतात. पेन्शन बेताची आहे, तरी घरात काही कमी आहे असे त्यांना वाटत नाही, आणि त्यांच्या घरी गेल्यावर मलाही वाटले नाही. फिटर काम करून उठला की आधी चहा आणि लगेच हातात मजुरी. त्यांच्या हाकेला तो भर पावसातही जातो.

हप्त्यांबद्दलही लिहायला हवे. सप्टेंबर २०१३मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट कळवले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली वसूल केले जाते. म्हणून रोखीने घेतल्यास किंमत किती, आणि सगळे हप्ते व शुल्क मिळून किती, हे दोन आकडे दुकानदाराकडून कागदावर घ्यावेत. क्रेडिट कार्डाची बाकी तुंबली तर महिन्याला साडेतीन टक्के व्याजही लागू शकते, म्हणजे वर्षाला ४२. मखरापुढे दिसायला नवा मोठा टीव्ही हवा म्हणून शिमग्यापर्यंत हप्ते फेडणारी घरे मी पाहते. त्याच घरांत पंपाच्या दुरुस्तीचे पैसे “चतुर्थी झाली की देतो” म्हणून राहतात. फिटरच्या, सुताराच्या, रंगाऱ्याच्या घरीही गणपती येतो. त्यालाही गणपतीवर फळापानांची माटवी बांधायची असते, पोरांना कपडे घ्यायचे असतात. माल उधार मागितला तर दुकानदार थांबू शकतो. रोजावर जगणाऱ्याला थांबवू नये.

माझी आपल्याला विनंती आहे की हप्त्यांच्या जाहिरातीत एकूण द्यावी लागणारी रक्कम मोठ्या अक्षरांत छापण्याचा आग्रह धरावा. माझ्या व्यवसायबंधूंनी स्टीलची प्रत गिऱ्हाइकाने न विचारताही बिलावर लिहावी. आम्ही ते सुरू केले आहे. आणि वाचकांपैकी कुणाकडे कारागिराची मजुरी बाकी असेल, तर ती हरतालिकेच्या आत पोचती करावी.

आपली,
एक हार्डवेअर दुकानदार,
मालवण, जि. सिंधुदुर्ग