पाण्याबाहेर राहणारा मासा

खानापूर, जि. बेळगाव
कार्तिक पौर्णिमा

प्रिय दत्तू,

तुझं पत्र मिळालं. रायचूरला बदली झाल्यापासून पाण्याबाहेर काढलेल्या मासळीगत तळमळ होते, असं लिहिलंयस. ते वाक्य वाचून मी पत्र तसंच हातात धरून बसलो. कारण चारच दिवस आधी मी पाण्याबाहेर राहणारे मासे बघून आलो होतो, आणि ते तळमळत नव्हते.

भाऊबीजेला वेंगुर्ल्याला अक्काकडे गेलो होतो. अमावस्या नुकतीच झालेली, म्हणून सकाळची ओहोटी मोठी. भाचा कालवं काढायला निघाला, त्याच्याबरोबर खडपावर गेलो. पाय ठेवला तसं पुढ्यातून काहीतरी टुणकन उडालं. मला वाटलं बेडकाचं पिल्लू. ते एका डबक्यातून उडून ओल्या खडकावर चिकटलं, थांबलं, आणि पुढच्या डबक्यात गेलं. वाकून बघितलं तर मासा! बोटाएवढा, खडकाच्याच रंगाचा, बोथट तोंड, कपाळावर आलेले मोठे डोळे. खाडीच्या चिखलातली निवटी तू बघितलीयस, ती नव्हे. हा ब्लेनी कुळातला.

आपण मलप्रभेत पंचा धरून मुऱ्या पकडायचो ते आठवतं? काठावरच्या दगडावर ठेवल्या की थोड्या वेळात मरायच्या. मला रडू यायचं, आणि तू परत पाण्यात सोडायला पळायचास. पाण्यात माशाच्या कल्ल्यांच्या झालरी मोकळ्या पसरलेल्या असतात. बाहेर काढलं की त्या एकमेकींना चिकटतात, मग हवा भोवती असूनही मासा गुदमरतो. ब्लेनीच्या अंगावर खवले नसतात, नुसता बुळबुळीत थर. खडपावर राहणाऱ्या जाती त्या उघड्या कातडीतूनही श्वास घेतात. अट एकच, अंग ओलं राहिलं पाहिजे.

घरी आल्यापासून मिळेल ते वाचतोय. या कुळातला सगळ्यात धाडसी मासा पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर आहे. जेमतेम चार ते आठ सेंटिमीटरचा. मोठा झाला की तो जवळजवळ पाण्यात जातच नाही. लाटांचे तुषार उडतात तेवढ्या पट्ट्यात खडकावर राहतो आणि दगडावरचं शेवाळ कंगव्यासारख्या बारीक दातांनी खरवडून खातो. उडी मारताना शेपटी डोक्याकडे वळवतो, तिला पीळ देऊन खडकावर टेकवतो आणि रेटा देतो. उभ्या दगडावरसुद्धा असाच चढतो.

पण त्याचा दिवस फार लहान, दत्तू. ऊन तापलं की कातडी सुकेल म्हणून बिळात. भरतीच्या लाटा आदळायला लागल्या की वाहून जाईल म्हणून पुन्हा बिळात. मधल्या थोड्या वेळात खाणं, भांडणं, जोडी जमवणं सगळं उरकायचं. नर आपल्या भोकाच्या तोंडाशी मान हलवून, लालसर पंख उभारून मादीला बोलावतो. ती आत अंडी घालून जाते, राखण नराने करायची. पिल्लं मात्र लाटेबरोबर समुद्रात जातात, तिथे तरंगत वाढतात आणि मग खडकावर येतात. म्हणजे प्रत्येक पिढीला पाणी नव्यानं सोडावं लागतं. मला सगळ्यात जास्त हेच लागून राहिलंय.

आणि सोडतात कशासाठी? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे टेरी ऑर्ड यांनी त्याचा माग काढलाय. ग्वामला त्यांनी प्लॅस्टिसिनचे, म्हणजे मुलांच्या खेळातल्या मऊ मातीचे, खोटे मासे करून काही खडकावर, काही शेजारच्या वाळूवर ठेवले. आपल्या खानापूरच्या कुंभारांना दाखवावा असा प्रयोग! वाळूवरच्या माशांवर पक्ष्यांनी, सरड्यांनी, खेकड्यांनी जास्त घाव घातले. खडकावरचे रंगात मिसळून गेल्यामुळे बरेच वाचले. पुढे कुक बेटांवरच्या रारोटोंगाला असेच नकली मासे पाण्यात आणि जमिनीवर ठेवून बघितले, तर पाण्यातल्यांवर हल्ले जास्त. म्हणजे आपण ज्याला माशाचं सुखाचं घर समजतो, तिथेच त्याला खाणारे जास्त होते.

तुझी तळमळ खोटी आहे असं मी म्हणत नाही. तिथलं ऊन, एकट्यानं जेवणं, संध्याकाळी बोलायला कुणी नसणं, मला कळतं रे. पण तू लिहिलंस तेव्हापासून त्या भोकाचाच विचार येतो. एवढासा जीव उघड्या दगडावर निभावतो, कारण जवळ एक ओली, सावलीची जागा असते. तुझी तिथली खोली कशी आहे, तेवढं नीट लिही. खिडकी कुठल्या बाजूला, स्वयंपाकाची सोय काय, शेजारी कोण, सगळं.

अक्का म्हणते, पौष अमावस्येला दोघं या. तेव्हाही ओहोटी चांगली असते. रजा काढ, बेळगावहून आंबोली घाटानं उतरू. तुला तो मासा दाखवल्याशिवाय माझं समाधान व्हायचं नाही. त्याला हात लावायचा नाही आणि दगड उलटा केला तर तसाच परत ठेवायचा, एवढं भाच्याने मला बजावलंय. येताना जाड तळव्याची चप्पल आण. कालवांच्या कडा पाय कापतात.

तुझाच,
रवी