दीडपट वेगाने बघणाऱ्या मुलास

कोल्हापूर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, आता रिटायर झालीस, मोठा टीव्ही पाठवून देतो, सगळी ॲप्स घालून. घरबसल्या नाटकं बघ, गाणी ऐक. थिएटरपर्यंत तंगडतोड कशाला?" त्यामागची काळजी मला कळली आणि बरंही वाटलं. फोनवर मी काही बोलले नाही, कारण जे सांगायचं होतं ते दोन मिनिटांत मावणारं नव्हतं. दिवाळीत तू इथे होतास तेव्हा रात्री मालिका बघताना तिचा वेग दीडपट करून ठेवला होतास. पडद्यावरची माणसं भराभरा बोलत होती, भराभरा रडत होती. मी विचारलं तर म्हणालास, "वेळ वाचतो." ते शब्द तेव्हापासून डोक्यात बसले आहेत.

टीव्ही पाठव. फक्त तो हॉलमध्ये लागेल, माझ्या खोलीत नाही. टीव्हीबद्दल माझ्या मनात अढी नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वाड्यात एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी त्या दहा बाय बाराच्या खोलीत वाड्यातली सगळी बिऱ्हाडं बसायची. नवी सून म्हणून मी दाराशी उभी राहायची. शेजारच्या काकूंनी हाताला धरून खाली बसवलं, त्या दिवशी मी वाड्यातली झाले. पुढे 'आभाळमाया' लागायची तेव्हा तू शाळेत होतास. तुझी आजी लसूण सोलत बसायच्या आणि पात्रांशी भांडायच्या. "अगं, त्याला आत घेऊ नकोस!" असं मोठ्यांदा सांगायच्या. मालिका कितीही चांगली असली तरी मला आज आठवतं ते आजींचं ते भांडण. मालिका त्यांच्याशिवाय अर्धीच होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की बघणं आणि ऐकणं हे अंगी आणावं लागतं, आणि ते चार माणसांत बसूनच येतं. हे मला माझ्या वडिलांनी, आण्णांनी शिकवलं. तू त्यांना पाहिलंस ते आजारपणातलं. तरुणपणी ते बँकेतून सुटले की थेट तालमीला जायचे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ साली सुरू झाली आणि कोल्हापुरातल्या हौशी संस्थांना वर्षभराचं वेड लागलं. आण्णांचा आवाज बारीक, त्यामुळे भूमिका कधी मिळाली नाही. ते प्रॉम्प्टर होते, नट वाक्य विसरला की ते विंगेतून हळूच सांगणारे. विंगेत स्टुलावर बसायचे, मांडीवर संहितेची वही, हातात छोटी बॅटरी. तिथून त्यांना अर्धा रंगमंच दिसायचा आणि प्रेक्षागृहाच्या पहिल्या चार रांगा. मी कधी कधी त्यांच्या पायाशी बसून असायची. ते म्हणायचे, "नट चुकला तर मी सावरीन. प्रेक्षक चुकला तर कोण सावरणार?"

प्रेक्षक कसा चुकतो, हे मला तेव्हा समजायचं नाही. नंतर दिसायला लागलं. नट विनोदाचं वाक्य टाकतो आणि हशा येईपर्यंत थांबतो. हशा वर चढतो आणि पूर्ण ओसरायच्या जरासा आधी तो पुढचं वाक्य घेतो. लवकर घेतलं तर वाक्य हशात बुडतं, उशिरा घेतलं तर प्रवेश पडतो. हे मोजमाप संहितेत कुठेही लिहिलेलं नसतं. दर प्रयोगाला समोर जे लोक बसलेत ते ठरवतात. गंभीर प्रवेशात कोणी खोकलं, कोणी पिशवी चाळवली की नटाच्या पाठीवर ते उमटतं, मी विंगेतून पाहिलंय. म्हणजे तिकीट काढून खुर्चीत बसलेला माणूस नाटकात काम करत असतो. मोबाईलवर ते नाटक बघताना तू हसलास काय आणि उठून पाणी प्यायला गेलास काय, नटाला फरक पडत नाही. तुझ्यावाचून त्याचं अडत नाही, आणि मला वाटतं त्याच्यावाचून तुझंही मग अडेनासं होतं.

आण्णांच्या पिढीला एक प्रयोग तोंडपाठ होता, त्यांच्यापैकी कोणी तो बघितलेला नसतानाही. ८ जुलै १९२१, मुंबई, संयुक्त 'मानापमान'. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, दोन प्रतिस्पर्धी कंपन्या टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी आणि आपले केशवराव भोसले धैर्यधर. कोणाचं पद जास्त रंगलं यावर त्यानंतर किती वर्षं लोक वाद घालत होते. पुढच्या तीन महिन्यांत केशवराव गेले. ३१ वर्षांचं आयुष्य. त्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण नाही, चित्रण नाही. तरी तो शंभर वर्षं टिकला, कारण बघणाऱ्यांनी तो इतका जीव लावून बघितला होता की त्यांना तो पोरानातवंडांना सांगता आला. आज तुझ्या फोनमध्ये हजार नाटकं आहेत. त्यातलं एखादं तुला तुझ्या लेकीला, ईशूला सांगता येईल का, असं मी स्वतःशी विचारते तेव्हा मला खरंच काळजी वाटते.

आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली त्या रात्री तू पुण्यात होतास. ८ ऑगस्ट २०२४. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती, आम्ही कार्यक्रमाला जाणार म्हणून साडीला इस्त्री करून ठेवली होती. पप्पांना फोन आला आणि आम्ही चालतच निघालो. मिरजकर तिकटीच्या पुढे जाता येईना, एवढी गर्दी. खासबागेच्या बाजूचं आभाळ तांबडं झालं होतं. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, तिथली मैदानं, तिथली नाट्यगृहं पाहून आले आणि आपल्या गावात कुस्त्यांचं खासबाग मैदान बांधलं, त्याला लागून पॅलेस थिएटर, म्हणजे हेच नाट्यगृह. १९१३ ला काम सुरू झालं आणि १९१५ ला पुरं झालं. कुस्ती आणि नाटक पाठीला पाठ लावून. एका राजाला आपल्या रयतेने दिवसभर राबून संध्याकाळी काय बघावं याची एवढी काळजी होती, हे मला त्यांच्या बाकीच्या कामांइतकंच मोठं वाटतं.

आणि ते डोळ्यांदेखत जळत होतं. छप्पर कोसळल्याचा आवाज आम्ही ऐकला. माझ्या शेजारी एक रिक्षावाला उभा होता, पन्नाशीचा. तो म्हणाला, "माझं पहिलं नाटक इथलंच हो, आज्जीच्या मांडीवर." आणि ढसाढसा रडायला लागला. पलीकडे कॉलेजची पोरं रडत होती, एक फुलवाली रडत होती. नट-मंडळी रडली हे साहजिक आहे. पण त्या रस्त्यावर जास्त करून प्रेक्षक होते. आयुष्यात कधी तोंडाला रंग न लावलेली माणसं. नाट्यगृह पुन्हा उभं करायचं ठरलं, काम सुरू झालं. पण एवढ्या लोकांना ते आपलं का वाटलं, हे मी त्या रात्रीनंतर फार वेळा मनात घोळवलं. सरकारी कागदावर ते महापालिकेचं आहे. त्या फुलवालीचं ते झालं, कारण ती तिथे बसली होती. कुठल्या तरी वर्षी, कुठल्या तरी रांगेत.

आता गाण्याकडे येते, कारण दीडपट वेगाचं मला सगळ्यात जास्त तिथे टोचलं. आपल्या गावात अल्लादियाखाँसाहेब दरबारी गायक होते. केसरबाई, मोगूबाई त्यांच्याकडे शिकल्या. त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. एवढं मोठं गाणं या गल्लीबोळांतून वाहिलं. मला गाता येत नाही, पण ऐकता येतं, आणि त्याला वेळ लागला. आण्णा मला देवल क्लबात, आपल्या गावातल्या गाण्याच्या संस्थेत, घेऊन जायचे. पहिल्या बैठकीत मला गायिकेची साडी दिसली, बाकी काही नाही. नंतर कधीतरी तबलजीची बोटं दिसायला लागली. आण्णा माझ्या हातावर बोटाने मात्रा मोजायचे, तीनतालाच्या सोळा, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की तळवा हलकेच दाबायचे. तोंडाने एक शब्द नाही. असं करता करता एका बैठकीत गायिका लांबलचक तान घेऊन कुठल्या कुठे गेली आणि मला कळलं की आता हिला समेवर यायचंय आणि जागा कमी उरलीय. माझा श्वास अडकला. ती अलगद समेवर आली आणि सगळ्या बैठकीची मान एकदम खाली गेली, माझीही. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा परकरी पोर होते. त्या क्षणाएवढा आनंद मला नंतर फार थोड्या गोष्टींनी दिला, आणि त्यातली एक तू आहेस.

तसा संथ लयीतला विलंबित ख्याल कोणी दीडपट वेगाने लावला तर समेची ओढ राहीलच कशी? गायक वेळ घेतो तेव्हा तो तुझा वेळ घेत नसतो रे. सूर नीट लागायला जेवढा लागतो तेवढाच घेतो. तो वाचवलास तर जे वाचवायला हवं होतं नेमकं तेच जातं.

पप्पा म्हणतात, तुझी आई गाण्यानाटकातच अडकलीय, जरा फुटबॉलचंही लिही. लिहिते. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने असतात तेव्हा ते आजही दुपारचं जेवण लवकर उरकून जातात. निम्म्या खेळाडूंना ते त्यांच्या आजोबांपासून ओळखतात. घरी येतात तेव्हा आवाज बसलेला असतो आणि चेहरा दहा वर्षांनी तरुण. खासबागेत हलगी कडाडली की त्यांचे पाय वळतातच. त्यातून त्यांना काही मिळवायचं नसतं, कोणाला काही दाखवायचं नसतं. त्यांचं ब्लड प्रेशर औषधांनी ताब्यात आहे असं डॉक्टर म्हणतात, मी त्यात स्टेडियमलाही थोडं धरते.

ईशूबद्दल एक सांगते, राग मानू नकोस. मधुराची आणि तुझी नोकरी, धावपळ मला माहीत आहे आणि जेवताना तिच्या हातात फोन का जातो तेही मला समजतं. मी तो काढून घ्या असं म्हणत नाही. मी म्हणते, तिला दुसरंही काहीतरी द्या. तुम्ही पुण्यात राहता, उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे बालनाट्यं लागतात. वेळेआधी पोचा. तिला तिसरी घंटा ऐकू दे, दिवे हळूहळू जाताना तिचा हात धरा, अंधारात ती घाबरेल आणि मग पडदा उघडेल. पुढच्या रांगेत बसवा. मध्यंतरात बटाटावडा द्या. नाटक भिकार निघालं तरी चालेल, तिला तेही कळू दे. घरी येताना "आवडलं का" असं विचारू नका, तिला नुसतं बोलू द्या. काय काय सांगते ते मला फोन करून कळवा, तिच्याच तोंडून.

आणि एक काम आहे. तू इतकी वर्षं पुण्यात राहून एकदाही सवाई गंधर्व महोत्सवाला गेला नाहीस, हे मला मधुराकडून कळलं. भीमसेनजींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला. माझ्या तरुणपणी तिथे रात्र रात्र गाणं चालायचं, आण्णा पहाटेची भैरवी ऐकून पहिल्या एसटीने परत यायचे आणि तसेच बँकेत जायचे. आता बहुतेक दिवशी रात्री दहापर्यंत आटपतं, म्हणजे तुझ्या ऑफिसचीही सबब नाही. या डिसेंबरात मी येते. पप्पांना फुटबॉलचा हंगाम असतो, ते येणार नाहीत. तिकिटं मिळायला लागली की आपल्या तिघांची काढ, तू, मधुरा आणि मी. खुर्चीची नको, भारतीय बैठकीची काढ, माझे गुडघे अजून वळतात. निदान एक पूर्ण संध्याकाळ, पहिल्या कलाकारापासून शेवटच्यापर्यंत. ईशूला मधुराच्या आईंकडे ठेवू, त्यांच्याशी मी बोलून घेते. शाली मी इथून आणते, तुमच्याकडच्या एसीतल्या पातळ असतात, मैदानातल्या थंडीला पुरायच्या नाहीत.

तुझी,
आई