भाताने भरलेल्या अभ्र्याबद्दल: एका राखणदार मामांना अनावृत आभारपत्र

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

निघताना मी आभार मानू लागले, तेव्हा तुम्ही "आभार कसले ओ बाई, परत या की" एवढेच म्हणून फाटक लावायला वळलात आणि माझे बोलणे तोंडातच राहिले. घरी आल्यावरही मनातली खळबळ निवेना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते चारचौघांनी वाचावे अशीही इच्छा आहे, कारण तुमच्याखेरीज आणखी काही लोकांच्या नजरेखाली ते जायला हवे. तुमचे नाव आणि इस्टेटीचा ठावठिकाणा मात्र लिहीत नाही. एक तर तुम्ही तसे बजावले आहे. दुसरे म्हणजे, चितळ हमखास दिसणारी जागा बेळगावात फुटली की पुढच्या रविवारी तिथे किती गाड्या उभ्या राहतील, याची मला पुरेपूर कल्पना आहे. खानापूर तालुक्यात मलप्रभेपासून फार लांब नसलेली काजूची आणि आंब्याची जुनी बाग, तिच्या मागे जंगल, इतके वाचकांना पुरे.

मी बेळगावच्या एका मराठी शाळेत शिकवत होते. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला तो पक्ष्यांसाठीच. गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यामागे घटप्रभेचे पाणी पसरलेले आहे. तिथले पक्षी अभयारण्य 1974 साली घोषित झाले, आणि हिवाळ्यात तिथे पांढरे करकोचे व कांड्या करकोचे दूर देशांहून येऊन उतरतात. त्यांच्यावरच माझा हात बसला. पुढे अर्धांगाचा झटका आला. उजवा हात वाचला, डावा खांद्यापासून जड झाला. बटण उजव्या बोटाने दाबायचे असले तरी लांब पल्ल्याची लेन्स तोलली जाते ती डाव्या तळहातावर, हे ज्याने ती कधी हाताळलेली नाही त्याच्या लक्षात येणार नाही. 600 मिलिमीटरपर्यंत जाणारी माझ्यासारख्या हौशी माणसाची लेन्स सुमारे 2 किलोची असते, कॅमेऱ्याचे वजन वेगळे. शिवाय लेन्स जितकी लांब, तितका हाताचा कंप चित्रात मोठा होऊन उमटतो. तिपाई माझ्याकडे आहे, पण तिचे पाय उघडून स्क्रू आवळणे हे दोन हातांचे काम आहे आणि ते उरकेपर्यंत कोणतेही पाखरू वाट पाहत बसत नाही.

आजारानंतर प्रथम आम्ही गेलो ते जंगलातल्या एका मुक्कामाच्या ठिकाणी. 'पक्षी छायाचित्रणाची खास सोय' असे त्यांच्या जाहिरातीत होते. कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे, लेन्स मोठी म्हणून त्याहून वेगळे. वाटाड्याने खिशातून मोबाइल काढला आणि शामा पक्ष्याचे गाणे मोठ्या आवाजात लावले. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून तो बिचारा पक्षी खाणेपिणे टाकून धावत येतो, म्हणून तो तिथे 'हमखास' दिसतो, हे पाहुण्यांना कोणी सांगत नाही आणि पाहुणेही विचारत नाहीत. पुढे चितळांचा कळप लागला, तेव्हा त्यांनी माना वर कराव्यात म्हणून जीपच्या चालकाने टाळ्या वाजवल्या. माद्यांनी शेपट्या उभारल्या, एकीने पुढचा पाय जमिनीवर आपटून कळपाला धोक्याची वर्दी दिली, आणि जीपमधली मंडळी 'काय पोझ दिली!' म्हणून खूश झाली. मी लेन्स जीपच्या दांडीवर टेकवून पाहत होते. इंजिन चालू असल्यामुळे दांडी थरथरत होती. घटकाभर इंजिन बंद करा, अशी विनंती केली, तर बाकीच्यांना पुढे जायचे आहे, असे उत्तर मिळाले. शेवटी त्या वाटाड्याने, त्याचा हेतू वाईट नव्हता हेही मला मान्य आहे, माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला, "मॅडम, तुम्हाला जमायचं नाही, मीच काढून देतो" म्हणाला आणि धडाधड फोटो काढून मोठ्या अभिमानाने कॅमेरा परत दिला. ते फोटो चांगले आहेत. मी ते कोणालाही दाखवलेले नाहीत. निघताना त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली, त्यात मी तारीख घातली आणि सही केली.

तेव्हा जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने तुमच्या मालकांची परवानगी मिळाली आणि भाचा मला गाडीने घेऊन आला, त्या वेळी माझ्या मनात फारशी आशा नव्हती. आंब्याखाली बसून दिवस काढावा, डबा खावा आणि परत यावे, एवढाच बेत होता.

विहिरीजवळच्या दगडी दोणीवर पाखरे पाण्याला येतात असे सांगून तुम्ही मला समोरच्या जांभ्या दगडाच्या गडग्याशी बसवलेत. मी पट्टा मानेत अडकवून, उजवे कोपर बरगड्यांशी दाबून, डाव्या हाताची मूठ कशीबशी लेन्सखाली सारत होते. तुम्ही ते पाहिलेत, आणि पाहूनही "हाताला काय झालं?" असे विचारले नाहीत. मामा, हा प्रश्न मला भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी विचारला आहे, आणि उत्तर ऐकून झाल्यावर प्रत्येकाने आपल्या नात्यातल्या कोणाला तरी झालेल्या झटक्याची हकीकतही सांगितली आहे. तुम्ही काही न बोलता निघून गेलात, तेव्हा मला वाटले की तुमच्या कामाला लागला असाल. थोड्या वेळाने परत आलात ते उशीचा एक जुना, धुऊन धुऊन विटलेला अभ्रा घेऊन. त्यात कणगीतले भात भरलेले होते आणि तोंड सुतळीने बांधलेले होते. तो तुम्ही गडग्यावर ठेवलात, मधोमध तळहाताने दाबून खळगा केलात आणि म्हणालात, "ह्यात ठेवा. हलायचं नाही ते."

लेन्स त्या खळग्यात तान्ह्या मुलाचे डोके उशीत रुतावे तशी रुतली. छायाचित्रकारांसाठी अशा पिशव्या दुकानांत तयार मिळतात, त्यांना 'बीनबॅग' म्हणतात; तुम्ही त्या कधी पाहिलेल्या नव्हत्या, हे नंतरच्या बोलण्यातून समजले. तरीही अभ्रा तुम्ही गच्च भरला नव्हता, एक तृतीयांश मोकळा ठेवला होता, आणि सारी मेख तिथेच होती. कारण गच्च पिशवीवरून लेन्स घरंगळते, सैल पिशवी तिचा आकार घेते. हे कसे सुचले असे मी विचारले, तर तुम्ही मलाच शाळेतल्या मुलीसारखे समजावलेत की पोते गच्च भरले तर पाठीवर ठरत नाही, थोडे ढिले असले की अंगाला धरून बसते. आयुष्यभर पोती वाहिलेल्या माणसाने माझी अडचण नुसत्या नजरेने मापली होती.

त्या अभ्र्यामुळे काय साधले, तेही तुम्हाला सांगायला हवे. दोणीवर आंब्याची दाट सावली होती. 600 मिलिमीटरची लेन्स हातात धरून फोटो काढायचा तर शटर साधारण 1/600 सेकंद इतके वेगवान लागते, आणि त्या सावलीत तेवढा उजेडच नसतो. भातावर टेकलेल्या लेन्सने 1/100 सेकंदालाही फांदीवर स्थिर बसलेले पाखरू डोळ्यातल्या चमकेसकट टिपले. शिपाई बुलबुल आले, लालबुड्या बुलबुलांनी पाण्यासाठी भांडण मांडले, निळ्या पाठीचा आणि नारिंगी छातीचा टिकेलचा माशीमार आला. मग पांढऱ्या फितीसारखी लांब शेपटी मिरवणारा स्वर्गीय नर्तक फांदीवरून पाण्यात सूर मारून पुन्हा फांदीवर जाऊन बसू लागला. या सगळ्या वेळात तुम्ही माझ्या मागे चार पावलांवर उकिडवे बसून होतात. एकदाही "काढा, काढा" म्हणाला नाहीत, बोट दाखवले नाहीत, कॅमेऱ्याला हात लावला नाहीत. पिशवी दिलीत आणि बाजूला झालात. माझे काम माझ्याच हाती राहिले, आणि आजारपणानंतर असे फार थोड्या वेळा घडले आहे. डोळे भरून आल्यामुळे मधला काही वेळ मला व्ह्यूफाइंडरमधून नीट दिसत नव्हते, हे तुमच्या लक्षात आले की नाही, कोण जाणे. लक्षात आले असले तरी तुम्ही तसे दाखवले नाहीत.

दुपारनंतर तुम्ही गड्याला कन्नडमध्ये पाण्याची मोटार बंद ठेवायला सांगितलेत, त्याचा अर्थ मला लगेच कळला नाही. थ्री-फेज वीज शेतीला दिवसातले मोजके तासच मिळते. ती आलेली असताना बागेचे पाणी थांबवणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माझ्या भाच्याने मला गाडीत सांगितले. मोटारीच्या आवाजाने चितळे खाली उतरत नाहीत, एवढ्यासाठी ते होते. काटेसावरीवर वानरे फुले खाण्यापेक्षा पाडतच जास्त होती, आणि खाली चितळांचा कळप ती पडलेली लाल फुले वेचत होता. वानरांच्या मागे चितळे येतात हे मी वाचले होते. वरच्या वानराला दूरचे दिसते, खालच्या चितळाला वास आधी लागतो, आणि एकाने इशारा दिला की दोघेही सावध होतात. इतक्या जवळून ते प्रथमच पाहिले. एका नराची शिंगे अजून मखमली सालीत होती, मागून येणाऱ्या तिरप्या उन्हात त्या सालीची लव झळकत होती. कोणी टाळी वाजवली नाही. त्याने मान वर केली ती आपल्या वेळेने, आणि अभ्रा तोवर तुम्ही न सांगता खालच्या गडग्यावर आणून ठेवलेला होता.

परतताना गवतात गळालेले एक शिंग पडले होते. काळविटाची शिंगे जन्मभर टिकतात आणि चितळाची दरवर्षी गळून नवी येतात, हे मी वर्गात किती वेळा शिकवले असेल. गळालेले शिंग डोळ्यांनी पाहिले नव्हते. भाचा ते उचलायला वाकला, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "ऱ्हाऊ द्या, साळिंदराचं हाय ते." त्याच्या कडेला कुरतडल्याचे दात उमटलेले होते. वन्य प्राण्यांचे अवशेष घरी नेण्यास 1972 च्या कायद्याने बंदी आहे, हे मी भाच्याला नंतर सविस्तर ऐकवले, पण त्याच्यावर परिणाम झाला तो तुमच्या वाक्याचा.

पावसाळ्यात हीच चितळे तुमच्या भाताच्या तरव्यावर उतरतात आणि रानडुकरे राहिलेले उकरतात, हेही तुम्ही हसतच सांगितलेत. खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य 2011 साली घोषित झाले आणि कागदावर हद्द आखली गेली, चितळाला ती दिसत नाही. ज्याच्या पिकाचे नुकसान होते तोच त्या जनावरांना निवांत पाणी पिऊ देण्यासाठी मोटार थांबवतो, आणि ज्यांचा सारा धंदा त्या जनावरांवर चालतो ते इंजिन बंद करायला तयार नसतात, याचा उलगडा मला होत नाही. सौजन्यावर मी शिक्षक म्हणून बरीच व्याख्याने ऐकली आणि, खोटे कशाला बोलू, दोन-चार दिलीही. त्या मुक्कामाच्या ठिकाणी प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे चौकटीत लावलेली होती. समोरच्याची अडचण त्याला न विचारता ओळखावी आणि ती दूर करताना त्याला लहान वाटू देऊ नये, हे कुठल्या प्रमाणपत्रात बसते ते ठाऊक नाही. आपल्या या सीमाभागात खेडोपाडी, मराठी बोलणाऱ्या घरात आणि कन्नड बोलणाऱ्या घरातही, अशी माणसे अजून भेटतात आणि त्यांची जाहिरात कुठेच नसते.

आता तुमच्या एका प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. पांढरा नर्तक उडाल्यावर त्याच फांदीवर तांबूस रंगाचा, तशाच तुऱ्याचा पण आखूड शेपटीचा पक्षी येऊन बसला, तेव्हा तुम्ही हळूच विचारले होतेत, "ही त्याची बायको काय ओ?" तेवढ्यात चितळे उतरली आणि बोलणे तिथेच थांबले. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. मादी तांबूस आणि आखूड शेपटीचीच असते, पण या जातीचा नरही लहानपणी तसाच दिसतो. त्याची शेपटी आधी वाढते आणि पांढरा रंग येण्यास दोन-तीन वर्षे जावी लागतात. काही नर मोठे झाल्यावरही तांबूसच राहतात. त्यामुळे आपण पाहिलेली मादी असेल किंवा कोवळा नर असेल, नुसत्या फोटोवरून मी पैज लावणार नाही. दोन्ही फोटो मोठे करून छापले आहेत, ते आणि मखमली शिंगांच्या चितळाचा एक, असे तीन तुमच्या मालकांच्या बेळगावच्या घरी पोहोचते केले आहेत. दोणीवर लांब शेपटीचा तांबूस पक्षी दिसला तर तो नर समजावा, आणि तसा दिसलाच तर भाच्याच्या फोनवर तेवढे कळवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव