विषय: कॉर्डलेस फोनची रेंज, खरखर आणि माझ्या आईचे कान

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाशी आत्ताच बोलणं झालं. संपलं म्हणता येणार नाही, मधेच तुटलं. का तुटलं ते पुढे लिहिते.

मॉडेल तुम्हाला ठाऊक आहेच, ज्याच्या खोक्यावर 'घरात ५० मीटर, मोकळ्या जागेत ३०० मीटर' असं छापलंय. आमचा टू बीएचके फ्लॅट आहे. बेस हॉलमध्ये, आईची खोली मागे, मधे दोन भिंती. हँडसेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नीट चालतो. दार ओलांडलं की टूं-टूं, मग खरखर, मग पलीकडच्याचे शब्द अर्धेमुर्धे. आईच्या पलंगापाशी फोन मुकाच. जिच्यासाठी कॉर्डलेस घेतला ती ७८ वर्षांची बाई गुडघे धरत हॉलमध्ये येऊन बोलते. मग वायरचा काय वाईट होता?

बेसशेजारी बसलं तरी आपलाच आवाज मागून ऐकू येतो. बॅटऱ्या नव्या घातल्या, बेस लोखंडी कपाटापासून लांब नेला. फरक शून्य.

आता आजचा संवाद.

"मॅडम, घरात भिंती आहेत का?"

"आहेत. छतही आहे."

"भिंतींमुळे रेंज कमी होते, मॅडम."

मग खोक्यावरचं 'घरात' कुणाच्या घराला धरून छापलंय, असं विचारलं. तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, "ऐकायचा त्रास नेमका कुणाला होतो?" आईला. "वय?" सांगितलं. "मग एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या ना."

हे वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं. मी तुमच्याच फोनवरून बोलत होते आणि पहिल्यांदा मला 'कानाच्या' एवढंच ऐकू आलं. मीही कान दाखवून घेऊ का? त्याच लाइनवर जुना वायरचा फोन लावला की आईला सगळं ऐकू येतं, नको ते तर हमखास.

शेवटी, "वायफाय बंद करून बघा." म्हटलं, आमची लँडलाइन फायबरची आहे, फोनची वायर राउटरमध्येच जाते, तो बंद केला तर फोनच जाईल. "करून तर बघा, मॅडम." केला. तुमचा माणूस गेला. आणि लगेच मोबाइलवर मेसेज: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे! शिवाय डेक्ट, म्हणजे तुमच्या कॉर्डलेसचं बिनतारी तंत्र, चालतं १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास, वायफाय २.४ नाहीतर ५ वर. हे मी तुम्हाला सांगायचं?

वडिलांनी घेतलेला तो जुना फोनही तुमचाच आहे. म्हणून दुकानदार दुसरा दाखवत असताना मी हट्टाने तुमचा मागितला. आता आई हॉलमध्ये येऊन बोलते, हे पुन्हा लिहिते, कारण फोनवर कुणी नोंदवून घेतलेलं दिसत नाही.

१५ दिवसांत पूर्ण पैसे परत हवेत. बदली फोन नको. नाहीतर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मी इथेच, पुण्याच्या जिल्हा आयोगात जाईन. एवढ्या रकमेला फी नाही, वकीलही लागत नाही. 'घरात ५० मीटर' तिथे मोजून दाखवा.

उत्तर लेखी पाठवा. फोनवर पुन्हा कानांचा विषय निघाला, तर माझ्या तोंडून काय निघेल याची हमी नाही.

एक ग्राहक, पुणे
सोबत: पावतीची प्रत, खोक्याचा फोटो