'घाबरू नका' म्हणून भागत नाही

महोदय,

पहिल्यांदाच भाषणाला उभ्या राहणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'अजिबात घाबरू नका'. तो कितीही आपुलकीने दिलेला असला तरी त्याचा उपयोग शून्य. कारण समोरच्यांच्या नजरा आपल्यावर खिळल्या की छाती धडधडणे, घशाला कोरड पडणे आणि हातांना कंप सुटणे ही सारी अ‍ॅड्रेनलिन या शरीरातल्या संप्रेरकाची करणी असते आणि ती कोणाच्या सांगण्याने थांबत नाही. जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात १९९३ साली ताणाच्या अभ्यासासाठी जी चाचणी तयार झाली, तिच्यात ताण आणण्यासाठी माणसाला मख्ख चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे पाच मिनिटे बोलायला आणि मग पाच मिनिटे तोंडी वजाबाकी करायला लावतात, यातच सारे आले.

माझ्या पहिल्या भाषणात हातातला पातळ कागद असा फडफडू लागला, की त्याचा आवाज ध्वनिक्षेपकातून मलाच ऐकू येत होता. आपली शोभा झाली या समजुतीने मी खाली उतरलो, तेव्हा पुढच्या रांगेतील एका गृहस्थांनी विचारले, "व्यासपीठावर फार उकडत होतं का हो?" मी कागदाने वारा घेतो आहे, असे त्यांना वाटले होते! सावित्स्की व गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हेच प्रयोगांनी दाखवले: वक्त्याला आपली घबराट जितकी उघडी पडल्यासारखी वाटते, तितकी ती श्रोत्यांना दिसत नाही, आणि ही गोष्ट ज्यांना आधीच समजावून सांगितली, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली.

तेव्हापासून मी कागदाऐवजी जाड पुठ्ठ्याचे कार्ड वापरतो. भाषणाची पहिली चार वाक्ये तेवढी तोंडपाठ करतो, कारण खरी कसोटी पहिल्या मिनिटाचीच असते. सबंध भाषण मात्र पाठ करत नाही, कारण एक शब्द निसटला की पुढचे सगळेच घरंगळते. सराव मनातल्या मनात न करता उभे राहून, मोठ्याने करावा (घरचे हसले तरी चालेल).

संयोजकांनाही एक विनंती आहे. नवख्या वक्त्याला सभेआधी दहा मिनिटे रिकाम्या सभागृहात उभे राहून बोलू द्यावे, ध्वनिक्षेपक त्याच्या उंचीला लावून द्यावा आणि पाण्याचा पेला त्याच्या हाताशी राहील, अध्यक्षांच्या नव्हे, एवढे पाहावे.

आपला,
एक वाचक