मनगटाला मनगट

डोंबिवली, २ डिसेंबर

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार. गणपतीत तुझा फोन आला तेव्हा ‘परत करतो’ म्हणालो आणि केला नाही. मग दिवाळीही गेली. कारणं देत बसत नाही, तू ती मानायचा नाहीस. माझी शुगर ताब्यात, हिचा गुडघा आहे तसाच. तब्येतीचं एवढं पुरे.

आम्ही कोचीला जाऊन आलो हे कुलकर्ण्याने तुला सांगितलंच असेल. त्याला जे सांगितलं नाही ते तुला लिहितोय. एर्नाकुलमच्या जुन्या बोट जेट्टीवरून बोटीत चढताना मी खलाशाचा हात धरला. त्याने पुढे केला नव्हता, मी मागितला. धक्का आणि बोट यांतली फट किती? वीतभर!

हसून झालं असेल तर पुढे वाच. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. ओहोटीला ती शेवाळलेली शिडी उतरून आपण लाँचवर उडी टाकायचो, ती पण काखेत नकाशाची गुंडाळी धरून. कोचीत उधाण असो की भांगाची छोटी भरती, फरक जेमतेम मीटरभर. म्हणजे दोष समुद्रावर ढकलायचीही सोय नाही. पाय उचलला आणि मधल्या मधे तो थांबला. दुखत नव्हता रे. नुसता थांबला. हे मी हिला सांगितलं तर ती डॉक्टर काढेल, मुलाला सांगितलं तर तो प्रवास बंद करेल. म्हणून तुला.

जानेवारीत तू आणि वहिनी जाताय, तेव्हा नीट ऐकून घे. तुला येतं हे मला माहीत आहे. मलाही येत होतं.

दोन मिनिटांच्या थांब्याला बोट पुढच्या एकाच दोरावर धरतात आणि इंजिन हळू पुढे ठेवून तिला धक्क्याच्या टायरांवर रेटून ठेवतात. इंजिन जरा कमी झालं की बोट त्या दोराभोवती फिरते आणि मागचं टोक सुटतं. त्यामुळे दोरापासून जितकं लांब उभं राहशील तितकी फट मोठी. शक्य तितकं दोराजवळून चढायचं. शेजारून टग (जहाजं ओढणारी बोट) किंवा मोठी बोट गेली असेल तर तिच्या लाटा धक्क्यावर आपटून परत येईपर्यंत थांबायचं. मागचे लोक ढकलतात, त्यांना ढकलू दे. बोट वर येऊन क्षणभर स्थिर होते तेव्हा पाऊल टाकायचं, खाली जाऊ लागली की नाही, नाहीतर पायाखालची पायरी नसल्यासारखं होतं. काठावर पाय ठेवून विचार करायचा नाही (मी नेमका तोच केला). हाताला हात द्यायचा नाही, घामाने सुटतो. मनगटाला मनगट. वहिनींना सांग, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पिशवी पाठीवर, दोन्ही हात मोकळे. आणि तोल गेला तरी धक्का आणि बोट यांच्या मधे हात घालायचा नाही, हे तुला सांगायला नको. तुकारामची बोटं आपण दोघांनी पाहिली आहेत.

आता गंमत ऐक. हे सगळं टाळता येतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथे वॉटर मेट्रो सुरू झाली, कोचीच्याच शिपयार्डने बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या कॅटामरान, म्हणजे जुळ्या सांगाड्याच्या बोटी. शंभर माणसं, निम्मी बसून. खरी अक्कल बोटीत नाही, धक्क्यात आहे. तिथे धक्का म्हणजे तरंगता पाँटून. भरतीला तो बोटीबरोबर वर, ओहोटीला बरोबर खाली, त्यामुळे बोटीचा मजला आणि पाँटून कायम एका पातळीत. चाकाची खुर्ची सरळ आत जाते. जमिनीवरून पाँटूनवर उतरायला बिजागरीचा उतार आहे, ओहोटीला तो थोडा तीव्र होतो, बाकी काही नाही. हायकोर्ट जेट्टीवरून फोर्ट कोचीला वीसेक मिनिटं. जाताना उजव्या हाताला बोलगट्टी बेट आणि वल्लारपाडमच्या कंटेनर क्रेन, डाव्या हाताला विलिंग्डन बेट. तू डावीकडे बस, वहिनींना उजवीकडे बसव, म्हणजे तुझं गाळउपशाचं ड्रेजरपुराण त्यांना ऐकावं लागणार नाही. परतीची रांग सूर्यास्तानंतर फुगते, तेव्हा तासभर आधी निघ. ही आदल्या रात्रीच म्हणाली होती की वॉटर मेट्रोने जाऊ. मीच म्हणालो, खऱ्या बोटीने जाऊ!

दुसरी सोय वायपीन ते फोर्ट कोची रो-रोची, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीची. गाड्यांसाठी रॅम्प टाकतात, त्यावरून माणसंही चालत जातात. पायरीच नाही. फक्त रॅम्प ओला असतो आणि दुचाकीवाले घाईत असतात. त्यांना आधी जाऊ द्यायचं आणि कडेने चालायचं.

खासगी फेरीच्या बोटीत बसलात तर खालच्या मजल्यावर. लोक वरती गर्दी करतात, एकाच कडेला फोटोला धावतात आणि बोटीचा तोल वर सरकतो. २०२३ च्या मे महिन्यात केरळातच तानूरला असल्याच दुमजली बोटीत बावीस जण गेले. जॅकेट घालून पट्टा आवळल्याशिवाय सुटू नका, नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

विलिंग्डन बेटावर काय बघायचं असं ही विचारत होती. बघायचं काही नाही, ते बेट स्वतःच बघायचं. बंदर बांधणारा इंग्रज इंजिनिअर रॉबर्ट ब्रिस्टो १९२० साली आला तेव्हा खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा पडलेला, मोठी जहाजं बाहेर समुद्रात नांगरून उभी. त्याने दांडा फोडून जहाजांच्या वाटेचा चॅनल खणला आणि उपसलेला गाळ टाकून बेट केलं. म्हणजे गाळावर बंदर उभं आहे, आणि तोच गाळ दर पावसाळ्यात चॅनल भरायला परत येतो. गंमत अशी की हे बंदर मुळात पुरानेच दिलेलं, असं तिथले लोक मानतात: १३४१ साली पेरियारला महापूर आला, मुझिरिसचं बंदर गाळाने गेलं आणि कोचीचं तोंड उघडलं.

गाळावरून आपलं भांडण आठवलं. खोली मोजायला तू म्हणायचास दोराला बांधलेलं शिसं खोटं बोलत नाही, मी म्हणायचो आवाजाने मोजणारा एको साउंडर. पातळ चिखलात शिसं सरळ खाली उतरतं आणि जास्त खोली सांगतं, तर दोनशे किलोहर्ट्झचा आवाज चिखलाच्या वरच्या सायीवरूनच परत येतो आणि कमी सांगतो. तेहतीस किलोहर्ट्झ खाली घुसतो. खरा तळ कुठला, हे जहाजाचा कणा त्या चिखलातून सरकतो की अडकतो यावर. तेव्हा अर्धा तू बरोबर होतास. अर्धाच. तीस वर्षांनी एवढं घे आणि गप्प बस.

फोर्ट कोचीची मासे धरायची चिनी जाळी मात्र तू तासभर बघत बसशील. सागाचे वासे, त्यांना पुढे जाळं आणि मागे दोरांना लोंबणारे धोंडे. तोल इतका नेमका की मुख्य वाशावरून एक माणूस पुढे चालत गेला की जाळं पाण्यात उतरतं. ओढताना पाच-सहा जण लागतात. धोंडे वेगवेगळ्या लांबीवर का, तर जाळं वर येताना एकेक धोंडा खाली टेकतो आणि तोल तेवढाच राहतो. बोलावून दोर ओढायला देतात आणि मग बक्षिशी मागतात, ती द्यायची तयारी असेल तरच हात लाव. म्हातारपणी पाठ धरली तर वहिनी माझं नाव घेतील.

वार सांभाळ. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, जवळचं ज्यूंचं परदेशी सिनेगॉग शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस बंद. म्हणजे शुक्रवारी पोचलात तर सेंट फ्रान्सिस चर्च, जिथे १५२४ साली वास्को द गामाला पुरलं होतं (हाडं पुढे पोर्तुगालला नेली), आणि जाळी. मट्टनचेरी रविवारी किंवा त्यानंतर. राजवाडा सोळाव्या शतकाच्या मध्याला पोर्तुगीजांनी बांधला, डच राजवाडा हे नाव डचांनी केलेल्या दुरुस्तीमुळे पडलं. रामायणाची भित्तिचित्रं चुकवू नका, पण दालनं वरच्या मजल्यावर आहेत, जिना आहे. दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी करायची असतील तर वहिनींच्या गुडघ्यासाठी मधे तासभर बसा. मट्टनचेरीत कोकणी कानावर पडेल. १६७५ साली डचांच्या वनस्पतिग्रंथासाठी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघांनी नागरीत लिहून दिलेला कोकणी दाखला त्या ‘हॉर्टस मलबारिकस’मध्ये छापला आहे. ॲमस्टरडॅमला, १६७८ साली! हे ऐकून ही एकदम खूश झाली, बंदर गेलं खड्ड्यात.

रेल्वेचं एकच. खालचा बर्थ हवा तर तिकीट तुम्हा दोघांचंच काढ. ज्येष्ठांचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोन जणांपुरताच, नातवाला त्यात घातलंस की गेला. आणि एर्नाकुलम जंक्शन वेगळं, एर्नाकुलम टाउन वेगळं. परतीच्या तिकिटावर कुठलं आहे ते बघूनच रिक्षात बस.

तुझी गच्ची गळायची थांबली का? मंदार परत दुबईला गेला की इथेच राहणार? वहिनींचं भजनी मंडळ ठीक ना? पुतणीचं जमलं असेल तर कळव, पत्रिका नको, फोन कर, या वेळी उचलीन.

एक विचारायचं राहिलं. तुझा पाय कधी थांबलाय का असा? खरं लिही. आणि जुन्या जेट्टीवर गेलासच, तर तिथला मिशीवाला खलाशी बघ. मी सुटकेचा श्वास टाकला तेव्हा तो हसला नाही. माझं मनगट त्याने दोन सेकंद जास्तच धरून ठेवलं.

तुझा,
अण्णा

ता.क. – हे पत्र वहिनींसमोर मोठ्याने वाचू नकोस. ‘बस, एवढीच फट?’ म्हणतील.