क्वचित बिघडतं म्हणून तक्रार घ्यायची नाही का?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: स्टोरेज बॉक्सच्या ड्रायव्हरमधील दोषाबाबत

महोदय,

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. जेकार्ड मागांची (नक्षी विणणाऱ्या मागांची) सगळी डिझाइनं तुमच्या चार डिस्कच्या बॉक्सवर असतात. बॉक्स गेल्या दिवाळीत घेतला. तो लिनक्सच्या संगणकाला जोडला आहे आणि ड्रायव्हर, म्हणजे संगणकाकडून बॉक्स चालवून घेणारा प्रोग्राम, तुमचाच आहे. चार महिन्यांत तो सहा वेळा अडकला. तुम्ही दोनदा बॉक्स बदलून दिलात. तिसऱ्या वेळी फोनवर उत्तर आलं, "साहेब, हे क्वचित होतं, याला फॉल्ट म्हणत नाहीत." त्या उत्तरामुळे हे पत्र लिहावं लागत आहे.

परवा जेवणाच्या सुट्टीनंतर हॉटेलच्या ऑर्डरचं डिझाइन मागावर चढवायचं होतं. उभ्या धाग्यांचा बीम बसवलेला, कामगार उभा. फोल्डर काही उघडेना. बॉक्सचा हिरवा दिवा चालू. मी बॉक्सला कान लावला, तर आत डिस्क घरघरत होती! जागी असलेली डिस्क संगणकाला मात्र दिसत नव्हती. शेवटी संगणक बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा कुठे काम सुरू झालं. तासभर माग थांबला.

माझा भाचा संगणकातलाच आहे. त्याने लॉग, म्हणजे संगणकाने ठेवलेली नोंद, काढला. रिकाम्या वेळी ड्रायव्हर डिस्कला झोपायची, म्हणजे फिरणं थांबवायची, कमांड देतो. त्याच्या जरा आधी डिस्क रिसेट झाली असेल, तर ती पुढच्या कमांडला 'युनिट अटेन्शन' असं उत्तर देते. मी रिसेट झाले आहे, एवढंच तिला कळवायचं असतं. तीच कमांड पुन्हा दिली की ती निमूट ऐकते. तुमचा ड्रायव्हर पुन्हा विचारतच नाही, सरळ एरर कळवून मोकळा होतो. लिनक्सचा नियम असा, की झोपवताना ड्रायव्हरने 'सध्या व्यस्त' किंवा 'पुन्हा प्रयत्न करा' सोडून दुसरी कुठलीही एरर दिली, तर कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती गंभीर धरतो आणि डिस्कची स्थिती नव्याने ठरवून दिल्याशिवाय तिला झोपवायला किंवा उठवायला साफ नकार देतो. मग आमची फाइल मागायची कोणाकडे?

आमच्या मागावर उभा धागा तुटला की पिन पडते आणि माग थांबतो. कामगार गाठ मारतो, माग चालू. धागा तुटला म्हणून माग बंद करून कोणी घरी जात नाही. उलट धागा कधीतरी तुटणारच, हे धरूनच ती पिन बसवलेली असते.

तेव्हा तिसऱ्यांदा बॉक्स बदलून पाठवू नका, बॉक्स चांगलाच आहे. ड्रायव्हर दुरुस्त करा. कमांड फसली तर ती निदान दोन-तीनदा पुन्हा द्या. तरीही जमलं नाही तर 'व्यस्त' कळवा, डिस्क जागी राहू द्या, नंतर झोपवा. डिस्कची झोप कायमची बंद करा, असा सल्ला तुमच्या माणसाने दिला होता. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असतो, माझ्या ऑफिसला वर पत्रा आहे. डिस्क थंड राहाव्यात म्हणून तर ही सोय बघून बॉक्स घेतला होता.

सहाही वेळचे लॉग सोबत जोडले आहेत. दुरुस्त ड्रायव्हर कधी मिळेल, ते १५ दिवसांत लेखी कळवावं. नाहीतर पैसे परत घेण्यासाठी ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक टॉवेल कारखानदार, सोलापूर